समोरासमोरची बाकं

सहा वर्षं मी एकाच गाडीच्या मागे आहे. खेड्यांसाठी विजेवर चालणारी, सगळ्यांनी मिळून वापरायची छोटी गाडी. तीन मीटरांहून कमी लांबी, अरुंद गल्लीत जागच्या जागी वळणारी. लांबी वाचावी म्हणून मी मागची दोन बाकं समोरासमोर ठेवली. माणसं गप्पा मारत जातील, असंही कौतुकाने सादरीकरणात लिहिलं होतं. आता ते वाक्य आठवलं की स्वतःचेच कान उपटावेसे वाटतात.

जयपूरपासून चाळीस किलोमीटरवरच्या एका गावात चाचणी चालू होती. चौदा दिवस, गाव ते तीन किलोमीटरवरचा दवाखाना. अट एकच: निम्मे प्रवासी बायका हव्यात, नाहीतर प्रकल्प बंद. अकरा दिवसांत बायका बसल्या होत्या नऊ. जयपूरमधल्या सी-स्कीमच्या ऑफिसातून आमच्या साहेबांचा, निलयसरांचा, रोज फोन यायचा, "अनुया, आकडा?" मी आकडा सांगायचे आणि फोन ठेवून नुसती बसून राहायचे.

बाराव्या दिवशी बाबा बरोबर आले. मूळचे मिरजेचे, तीस वर्षं राजस्थानातल्या बँकेत, आता निवृत्त. जयपुरातल्या जवाहर नगरच्या आमच्या घरात त्यांचा वेळ जात नाही आणि ते दुसऱ्यालाही स्वस्थ बसू देत नाहीत.

गाडीत एक आजोबा बसले होते, समोरचं आख्खं बाक रिकामं. इतक्यात त्यांची धाकटी सून किस्तूरी थांब्यावर आली. कडेवर तान्हं पोर, घुंघट हनुवटीपर्यंत. "बैठो जी," आमचा ड्रायव्हर चंदन म्हणाला. ती मागे सरकली. गाडी निघाली आणि ती गाडीमागून चालू लागली. रोज असंच व्हायचं. मी समजत होते, बायकांना विजेच्या गाडीची भीती वाटते. त्यावर मी एक माहितीपत्रकसुद्धा छापून घेतलं होतं!

बाबांनी हात करून गाडी थांबवली.

"अगं अनु, सासऱ्याकडे तोंड करून बसेल का ती?"

"घुंघट आहे ना, बाबा. आणि सर्व्हेत सगळ्या जणी हो म्हणाल्या. मतलब, मी स्वतः विचारलंय."

"कुठे विचारलंस?"

"अंगणात."

"आणि अंगणात कोण कोण होतं?"

सासरे होते. मोठे दीर होते. उत्तरंसुद्धा सासवांनीच दिली होती.

"माझ्या शाखेत सासरे बाहेर जाईपर्यंत सुना खांबाआड उभ्या राहायच्या," बाबा म्हणाले. "तू तिथेच बसून डबा खायचीस. विसरलीस?"

विसरले नव्हते. गाडीचा आराखडा काढताना ते आठवायचं असतं, एवढंच सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. आजोबा तोवर उतरून खेजडीच्या झाडाखाली आमच्याकडे पाठ करून उभे होते. म्हणजे रोज त्यांनाही अवघडच होत असणार.

चंदनने पाने काढले. दोन्हींतल्या अगदी मागच्या बाकाखाली बॅटरी, त्यामुळे ते बाक हलणार नव्हतं. पण त्याची टेकायची पाठ चार बोल्टांवर होती. ती काढून दुसऱ्या बाजूला लावली आणि पाय ठेवायला मागचा फाळका आडवा सोडला. आता तिथे बसणारीचं तोंड रस्त्याकडे, सासऱ्यांना दिसणार फक्त पाठ. लांबी तीन मीटरांच्या बाहेर गेली. काम चाळीस मिनिटांचं होतं.

किस्तूरी चढली. मी तिच्या शेजारी बसले. गाव मागे पडलं तसा तिने घुंघट वर केला आणि बारा दिवसांत मी तिचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. असेल विशीतली. रोज तुडवलेला रस्ता मागे पळताना बघत ती हसत होती.

पुढचे दोन दिवस ते बाक एकदाही रिकामं गेलं नाही. निलयसर म्हणाले, "शेवट छान झालाय, पण सरासरी चौदा दिवसांची धरायची." मी अर्धा तास भांडले. आवाजही चढवला. मग दमले आणि घरी आले.

सोमवारी गाडी न्यायला ट्रक आला. थांब्यावर पाचसहा बायका आधीच उभ्या होत्या, सगळ्यात पुढे किस्तूरी. सहा वर्षांत माझ्या गाडीची कुणी वाट बघतंय हे मी पहिल्यांदा पाहत होते, आणि चंदन ती ट्रकवर दोरांनी बांधत होता.

किस्तूरी जवळ आली. हळूच म्हणाली, "मैडमजी, हमसे कोई गलती हो गई क्या?"

"आपसे नहीं," मी म्हणाले. "मुझसे."

तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती दवाखान्याच्या रस्त्याने चालू लागली.