पाटीचा विमा

गॅरेजच्या मालकाचं खरं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. सगळे त्यांना पंडित म्हणत. ही पदवी इंजिनाच्या ज्ञानाबद्दल मिळालेली नव्हती. इंजिन त्यांना बरं कळायचं, इतकंच. पण दुरुस्तीला आलेल्या गाडीचं इंजिन गरम होईपर्यंत डॅशबोर्डचा कप्पा उघडायचा, त्यातली विम्याची पॉलिसी बाहेर काढायची, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा आणि मालकाची हजेरी घ्यायची, ही त्यांची वीस वर्षांची रीत होती. "इंजिनात पाणी गेलं तर भरपाई नाही, हे वाचलंत का?" "प्लास्टिकच्या भागाचे निम्मेच पैसे मिळतील. बघा, इथे बारीक अक्षरात दडवलंय." लोक ऑइल बदलायला येत आणि पॉलिसी बदलून जात.

बायकोचा धाकटा भाऊ खरा विम्याचा एजंट होता. त्याने रीतसर परीक्षा दिली होती, त्याचं बाजारात छोटंसं ऑफिस होतं. पंडितांनी त्याला कधी काही विचारलं नाही. "तो विमा विकतो, मला विमा कळतो," असं ते बायकोला सांगत. बायको "हो ना" म्हणत असे. त्या "हो ना"चा अर्थ पंडितांनी वीस वर्षांत एकदाही लावून पाहिला नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाईंची गाडी तयार व्हायची होती. स्कूल म्हणजे काय, तर बाई आणि ही एक गाडी. शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा ब्रेक असलेली ही जुनी, पांढरी गाडी बंद म्हणजे बाईंची चूल बंद. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे शिकणाऱ्या तीन मुलींची लायसन्सची परीक्षा होती. तो जादा ब्रेकच ढिला झाला होता, आणि पंडितांनी सकाळपासून त्याचा सांधा खोलून नवा बसवला होता.

आता असा ब्रेक तपासायचा तर माणसं दोन लागतात. एक चालवायला, एक शेजारी बसून ब्रेक दाबायला. पण दुसऱ्या माणसाची वाट पाहतील ते पंडित कसले! गॅरेजच्या दारापासून फाटकापर्यंत छान उतार होता. गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, आपण शिकवणाऱ्याच्या जागी बसायचं, उजव्या हाताने स्टिअरिंग धरायचं, गाडी उतारावरून मागे घरंगळू द्यायची आणि मध्यावर ब्रेक दाबायचा. हा प्रयोग त्यांनी पूर्वी कितीतरी वेळा केला होता आणि प्रत्येक वेळी स्वतःचं कौतुकही केलं होतं.

गाडी घरंगळली. मध्यावर पंडितांनी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला. पायाखाली जणू काही नव्हतंच. घाईघाईने त्यांनी हँडब्रेक ओढला, म्हणजे आपण हँडब्रेकच ओढतोय असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ते गिअरचा दांडा उपटत होते. गाडी सरळ जाऊन फाटकाजवळच्या खांबावर आदळली. क्षणभर शांतता झाली. मग खांबावरची मोठी पत्र्याची पाटी, "तज्ज्ञ सेवा, खात्रीशीर सल्ला", हळूच झुकली आणि मागच्या काचेतून आत येऊन सीटवर बसली.

पंडितांना खरचटलंसुद्धा नाही. खाली उतरून त्यांनी शर्टाच्या खिशात पेन शोधलं, तेव्हा हाताला लागली ब्रेकच्या सांध्याची पिन. हरवू नये म्हणून सकाळी त्यांनीच ती जपून खिशात ठेवली होती. खरोखरच हरवली नव्हती.

"वा, पंडित," ते स्वतःलाच म्हणाले. "सत्कार करायला हवा तुमचा."

मग ते ऑफिसात गेले आणि गॅरेजच्या विम्याची फाइल काढली. दुसऱ्यांच्या पॉलिसीत चुका काढताना नजर कशी झरझर फिरे. आज अक्षर अक्षर जड झालं होतं. शेडला आग लागली तर भरपाई होती. कॉम्प्रेसर चोरीला गेला तर होती. पाटीसाठी तर वेगळी ओळ होती: वादळ, वीज, वाहनाची धडक. पाटीचा आग्रह त्यांनी स्वतः धरला होता. आणि त्याखाली, "दुरुस्तीसाठी ताब्यात असलेली ग्राहकांची वाहने", या ओळीवर निळ्या पेनाने रेघ मारलेली होती. शेजारी त्यांचंच वळणदार अक्षर: "गरज नाही. गाड्या मी स्वतः हाताळतो."

तो फॉर्म मेहुण्याने आणला होता. "दाजी, गॅरेजवाल्याला हेच कलम सगळ्यात आधी लागतं," असं तो बिचारा काकुळतीला येऊन सांगत होता. "माझ्या हातून गाडी ठोकली जाईल असं वाटतं तुला?" असं विचारून पंडितांनी रेघ ओढली होती, आणि मेहुणा गुपचूप चहा पिऊन गेला होता.

राहता राहिली बाईंची पॉलिसी. ती काढायला पंडित गाडीपर्यंत गेले, पण कप्पा उघडायच्या आधीच त्यांना आठवलं. गेल्याच महिन्यात बाई फुल विमा भरायला निघाल्या होत्या. "एवढ्या जुन्या गाडीला फुल विमा?" पंडित हसले होते. "थर्ड पार्टी पुरे. तुम्ही दुसऱ्याचं नुकसान केलंत तर कंपनी भरेल. तुमच्या गाडीला काय होणार आहे, माझ्याकडे असते ती!" बाईंनी तसंच केलं होतं.

म्हणजे हिशेब असा झाला: पाटीचं नुकसान गॅरेजची कंपनीही भरणार, आणि दुसऱ्याचं नुकसान म्हणून बाईंची कंपनीही भरणार. पाटीला दोन दोन विमे आणि गाडीला एकही नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण पंडित इतरांना उद्देशून फार झोकात म्हणत. आज ती घर शोधत आली होती.

पाच वाजता बाई आल्या. गाडी बघून जागच्या जागी थबकल्या.

"काय झालं हो हे?"

आणि पंडितांच्या तोंडून, त्यांनाही न विचारता, निघून गेलं, "ब्रेक फेल झाला, बाई. जुनी गाडी. कधीतरी व्हायचंच."

तसं पाहिलं तर ब्रेक लागला नव्हता, हे खरंच होतं. पंडितांनी मनाची तेवढ्यावर समजूत घालायला सुरुवातही केली. बाई आता भांडतील, चौकशी करतील, मग आपण चार तांत्रिक शब्द फेकू, असा त्यांचा बेत होता. पण बाईंनी काहीच विचारलं नाही. त्या हळूच स्टुलावर टेकल्या.

"तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी या गाडीत मुलींना बसवत होते. परवा तर घाटात नेलं होतं एकीला." त्यांनी गाडीकडे पाठ फिरवली. "नको. भंगारात द्या ती. मी बंद करते हे सगळं. कुणाच्या पोरीच्या जिवाचं काही झालं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं?"

आजवर आपल्यावर लोकांचा विश्वास आहे याचा त्यांना फार अभिमान होता. तो विश्वास इतका आंधळा असेल, आणि आपण असा त्याच्या आड लपू, हे त्यांना माहीत नव्हतं. मनापासून लाज वाटली त्यांना. त्यांनी खिशातली पिन काढून बाईंच्या हातावर ठेवली.

"गाडीचा दोष नाही, बाई. घाटात चालवणारीच्या पायाखालचा मुख्य ब्रेक ठणठणीत होता. ही पिन लावायला मी विसरलो. वर शहाणपणा करत एकटाच शेजारी बसून गाडी सोडली. तुमचा विमा कमी करायला लावला तोही मीच, आणि माझ्या गॅरेजच्या विम्यातून तुमची गाडी वगळली तीही मीच. गाडी मी नवी करून देतो, तुमचा एक पैसा घेणार नाही."

बाईंनी पिनेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आणि आधी मला ही गाडी भंगारात काढायला लावत होतात," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर पंडितांना बरं वाटलं असतं.

"हो," पंडित म्हणाले.

"उद्या माझ्या तीन मुलींची परीक्षा आहे."

"माझी गाडी न्या ना. ही किल्ली."

बाईंनी किल्ली घेतली नाही. "तुमच्या गाडीत माझी शिकाऊ मुलगी बसली आणि काही झालं, तर विमा चालतो का?"

पंडितांनी सवयीने चष्मा नाकावर आणला, छाती फुगवली, "चालतो हो, त्यात काय" म्हणायला तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

म्हणताना जीभ जरा अडखळली. हे शब्द त्यांच्या तोंडाच्या ओळखीचे नव्हते. बाई स्टुलावरून उठणार होत्या, त्या पुन्हा बसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी आली.

"मग ज्याला माहीत आहे त्याला विचारा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर."

पंडितांनी मेहुण्याला फोन लावला. पलीकडे पटकन उचलला गेला.

"एक विचारायचं होतं रे तुला," पंडित म्हणाले. "विम्याचं. मला कळत नाहीये."

पलीकडून मेहुण्याचा घाबराघुबरा आवाज आला.

"दाजी, तुम्ही आहात तिथेच बसा. ताईला घेऊन मी निघालोच."