बर्फगाडीला पाळण्याच्या स्प्रिंगा

‘टिंग.’

दुपारी गवळी गल्ली निपचित पडली होती. म्हशी तळ्यावर, सासू देवळात, तान्हं पाळण्यात. एवढीच एक घटका शालनच्या वाट्याची. धाकटा झोपला की पाच वर्षांच्या छबीला कुशीत घेऊन तीही वाकळेवर अंग टाकायची. डोळा नुकता लागत होता, तेवढ्यात ते ‘टिंग’ वाजलं. शालननं एक डोळा उघडला.

नवरा स्टुलावर चढला होता. तोंडात पाना धरून पाळण्याच्या साखळीशी झटत होता, आणि पोरगं पाळण्यातच.

“अवो!”

कृष्णातनं पाना तोंडातच ठेवून बोट ओठावर नेलं. “ओरडू नकोस. पोरगं उठंल.”

“उठंल न्हाय, पडंल! काय चाललंय?”

“स्प्रिंगा पायजेत. दोन्हीबी. गाडीला.”

कुठल्या गाडीला, हे विचारायची गरज नव्हती. ती गाडी आठवडाभर दारात उभी होती आणि येणारा-जाणारा तिला हात लावून जात होता.

त्याचं असं झालं होतं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरातले गवळी आपल्या म्हशी नटवतात, सायलेन्सर काढलेल्या फटफटीवर बसतात आणि म्हशीला फटफटीमागं पळवत सगळ्या पेठेतून मिरवतात. ज्याची म्हैस मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून अंगाला अंग लावून पळते, त्याच्या मिशा वर्षभर वर. गेल्या पाडव्याला कृष्णातची सुंदरा भर रस्त्यात मिठाईच्या दुकानापुढं बसली होती. चांगली ऐसपैस, रवंथ करत. तेव्हापासून शेजारचा जोतीराम रोज धार काढताना भिंतीवरून विचारायचा, “काय किस्ना, म्हैस उठली काय रं?”

म्हणून कृष्णात पुण्याला दणकट आवाजाची फटफटी आणायला गेला आणि गूळ उतरवून परतणाऱ्या ट्रकमधून स्नोमोबाइल घेऊन आला. लष्कराच्या भंगारातली, बर्फावर पळायची गाडी. चाकं नाहीत. पुढं दोन घसरपट्ट्या, मागं रबराचा रुंद पट्टा. तोंड अगदी रेड्यासारखं फुगलेलं. चालू केली तेव्हा गल्लीतल्या तीन घरांची भांडी फळीवरून खाली आली.

“आता कशी न्हाय पळत बघतो,” कृष्णात म्हणाला होता.

गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि जळक्या फणीचा वास सुटला. मग उद्यमनगरातनं लालासाब मिस्त्री आला. तो ऑइल इंजिनांच्या स्प्रिंगा वळायचा. त्यानं गाडीखाली डोकं घातलं आणि बराच वेळ फक्त त्याचे पाय बोलत होते.

“पावणं बर्फातलं हाय, किस्ना. पट्ट्याच्या आत प्लास्टिकच्या पट्ट्या हायत. बर्फाचा भुगा उडून त्यांच्यावर पडला की थंड ऱ्हात्यात. न्हायतर जळत्यात.”

“भुगा कोण उडीवणार?”

“हितं नखं हुती. एक मोडकं खुंट ऱ्हायलंय बघ. गाडी पळताना ती मागं फरफटायची, बर्फ खरवडायची आन भुगा पट्ट्यात फेकायची.”

नखं कशाची करायची, यावर मग सगळी गल्ली बसली. कुणी क्लचची केबल आणली, ती दातकोरण्यासारखी वाकली. कुणी विहिरीच्या रहाटाची तार आणली. लालासाब म्हणाला, तार सोशिक असते, गाडी मागं ढकलली तरी मोडत नाही, पण ही फार जाड आहे, रस्ताच नांगरून काढंल. स्प्रिंग बरी. दाबून धरते, खड्डा आला की उचलते. फक्त जोडी सारखी पाहिजे, एकाच तारेची, एकाच हाताची. आणि अशी जोडी कोल्हापुरात कुठं आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं, कारण छबी जन्मली तेव्हा पाळण्यासाठी त्यानंच ती वळली होती.

शालन एकदाच मधे बोलली होती. “लालासाबभाई, त्या पट्ट्यांवर तांब्याभर पाणी वतलं तर न्हाय का भागणार?”

“भागंल की वैनी,” लालासाब गंभीरपणे म्हणाला. “पर एवढ्या लांबनं आल्याली गाडी. तांब्या दाखवून बोळवायची व्हय?”

आता स्टुलावरच्या नवऱ्याकडं बघताना शालनला कळलं, की हे ऐकणार नाही. त्या पाळण्याला एक किरकिर होती. ‘किर्र-कूं, किर्र-कूं.’ धाकटा त्याच्याशिवाय झोपत नसे. छबीसुद्धा तशीच वाढली. एवढंच काय, पाळणा भिंतीच्या अल्याड आणि गोठा पल्याड, त्यामुळं सुंदराही त्याच आवाजावर पान्हवायची. सासू धारेला बसली की गोठ्यातनं ओरडायची, “शाले, पाळणा हलीव गं, म्हस दूद चोरतीया!”

“वेल्डिंग करायचं न्हाय,” शालन म्हणाली. “कापायचं न्हाय. नटबोल्टनं बसवा. आन पाडव्याला दिवं लागायच्या आत माझ्या मला परत.”

“सुंदराची आण,” कृष्णात म्हणाला. पाळणा त्यानं साध्या साखळीवर टांगला. तो मुका झाला.

पोरगं त्या दिवसापासून झोपलं नाही. मांडीवर, खांद्यावर, ओसरीवर, छातीशी, कुठंच नाही. शालन उभ्यानं डुलक्या घेऊ लागली. एकदा भाकरी थापता थापता परातीतच कपाळ टेकलं, तर छबीनं पिठाचा टिळा पुसला आणि म्हणाली, “आई, तव्याकडं झोपू नकोस हां.”

अंगणात लालासाब दोन्ही नखं बसवत होता. दोन्ही बाजूंनी सारखी, टोकं मागं वळवून, टोकाला कडक पोलादाचा दाणा. मान वर न करता त्यानं सगळ्यांना बजावलं, “आता गाडी फकस्त पुढं. मागं ढकलली तर नखं रुततील आन मोडतील. ध्यानात ठेवा.”

शालननं ते पदरात गाठ मारून ठेवलं.

पाडव्याला सुंदरा नटली. अंगावर वस्तऱ्यानं काढलेली नक्षी, शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्या. गाडीसाठी कारखान्यातनं आणलेल्या बर्फाच्या लाद्या रस्त्यावर एकापुढं एक अंथरल्या होत्या. बायका तांब्यांनी त्यांच्यावरचा लाकडाचा भुसा धूत होत्या. पोरं लाद्या चाटत होती आणि कृष्णात त्यांना हाकलत होता, “अरं, रस्ता हाय त्यो! खाताय काय?”

गाडी धडधडली. सुंदरा बसली.

“बसली रं बसली!” भिंतीवरून जोतीराम ओरडला.

कृष्णातनं मूठ पिळली. गाडी लाद्यांवर चढली, नखं बर्फात रुतली आणि बर्फाचा पांढरा भुगा पट्ट्यात उडाला. “बघा, बघा, पाणी पितीया!” लालासाब नाचायला लागला. आणि त्या सगळ्या धडधडीच्या वर एक बारीक आवाज चढला. ‘किर्र-कूं, किर्र-कूं!’

सुंदराचे कान उभे राहिले. मग सुंदरा उभी राहिली. आणि अशी पळाली, की मोरपिसं मागं राहिली. जोतीरामचं तोंड उघडं ते उघडंच.

शालनच्या खांद्यावर काहीतरी जड झालं. तिनं मान वळवली. पोरगं झोपलं होतं.

लाद्या कोपऱ्यावर संपल्या, पण गाडी संपली नाही. डांबरावर ठिणग्या उडवत, जळक्या फणीचा वास सोडत ती सरळ गुंडू गोळेवाल्याच्या हातगाड्याखाली शिरली आणि तिथंच थांबली.

“बर्फ दिसला तिला,” गुंडू म्हणाला. “माझा काय दोष?”

सुंदरानं येऊन गाडीच्या सीटवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. मागनं फटफट्या आणि म्हशी येऊन तुंबल्या. जोतीराम भानावर येऊन तिथवर धावत आला. चार गडी गाडीला लागले. “मागं वढा! हां, एक जोर!”

“मागं नको!” लालासाब ओरडला, पण त्या दणदणाटात कोण ऐकतो?

शालन गर्दीतनं घुसली आणि पोराला घेऊन गाडीच्या शेपटाकडच्या टोकावर जाऊन बसली.

“आधी माझ्या स्प्रिंगा काढा,” ती म्हणाली. हळूच म्हणाली, कारण पोरगं झोपलं होतं.

“अगं, सगळी पेठ बघतीया,” कृष्णातही हळूच म्हणाला.

“बघू दे. तुमची म्हस पळाली न्हवं? आता माझं पोरगं झोपू दे.”

जोतीराम पुढं आला. पोराकडं बघितलं, शालनच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडं बघितलं, आणि मागं वळून त्यानं कुजबुजत सांगितलं, “बंद करा रं गाड्या. बाळ झोपलंय.” ते एकाकडनं दुसऱ्याकडं गेलं. सायलेन्सर काढलेल्या, वर्षातनं एकदाच गरजायला आणलेल्या सगळ्या फटफट्या एकामागनं एक गप झाल्या. माणसं त्या हातांनी ढकलत, चवड्यांवर चालत बाजूनं गेली. म्हशींची घुंगरं मुठीत धरून नेली. एकाला शिंक आली, तर दुसऱ्यानं त्याच्या तोंडावर फेटा दाबला.

लालासाबनं गाडीखाली आडवं होऊन नट सोडले. दोन्ही स्प्रिंगा शालनच्या हातावर ठेवल्या. गार, ओल्या, पण धड. ती त्या एकमेकींवर घासत घराकडं निघाली, किर्र-कूं, किर्र-कूं, खांद्यावर पोरगं, बोटाला छबी, मागं सुंदरा.

दिवे लागायच्या आत पाळणा पुन्हा बोलू लागला. भिंतीपल्याड चरवीत दुधाची धार वाजत होती. कृष्णात दारात बसला होता, गाडी अजून गोळेवाल्याकडंच होती आणि त्यावर त्याला कुणी काही विचारत नव्हतं. शालन एका हातानं दोरी ओढत, भिंतीला टेकून, उघड्या डोळ्यांनी छताकडं बघत बसली.

छबी तिच्या मांडीवर आली. पाळण्याकडं, मग आईकडं बघत राहिली.

“आई, बाळ ह्या आवाजानं झोपतंय. सुंदराबी गप हुतीया. मीबी झोपायची न्हवं?”

“व्हय गं.”

“मग तू कशानं झोपतीस?”

शालनच्या हातातली दोरी थांबली.