उपग्रहाचं घड्याळ पुढे की मागे

माझी सून तारांगणात निवेदिकेच्या जागेसाठी उमेदवारी करत होती. तीन वर्षं घरी बसून कंटाळलेली, ही नोकरी तिला जिवापाड हवी होती. त्या दिवशी शेवटची परीक्षा होती: खेळ संपल्यावर प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. तारांगणाचे प्रमुख मागच्या रांगेत बसले होते आणि मी अगदी पुढे. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई मी, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण लोक काय वाटेल ते विचारत होते आणि ती एकालाही हसली नाही. मी असते तर दोघातिघांना घरी पाठवलं असतं.

"प्रकाशाच्या मागे जोरात धावलं तर?" एका मुलीने विचारलं.

"कितीही धाव, तो तुझ्यापुढे त्याच वेगाने पळणार. दमशील मात्र तू."

एका बाईंनी विचारलं, "सतत विमानाने फिरले तर मी तरुण राहीन का हो?"

"छे हो. जन्मभर फिरलात तरी पापणी लवायला वेळ लागतो तेवढासुद्धा फरक पडणार नाही."

सभागृह खळाळून हसलं. मग एक टॅक्सीवाले उठले. फोनमधला नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो, त्यांची घड्याळं आपल्यासारखीच चालतात का, असं त्यांनी विचारलं.

"नाही. ते वेगाने फिरतात, म्हणून त्यांची घड्याळं मागे पडतात," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. प्रमुखांनी पुढे येऊन तिचं अभिनंदन केलं, उद्यापासून या म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. लोक उठून दाराकडे निघाले, पण ही तिथेच खांबासारखी उभी.

"अगं, चल ना," मी म्हटलं.

"आई, मी चुकले."

मी हळूच म्हटलं, "कुणाला कळलंय? गप्प बस." मनापासून म्हटलं, खोटं कशाला सांगू?

तिने माईक उचलला. "थांबा जरा. मघाचं उत्तर चुकलं. वेगामुळे घड्याळ मागे पडतं हे खरं, पण तेवढ्या उंचीवर पृथ्वीची ओढ कमी असते, त्यामुळे ते त्याहून कितीतरी जास्त पुढे पळतं. सगळं धरून ते पुढेच जातं."

टॅक्सीवाले म्हणाले, "पण आत्ता खेळात तर मागे पडतं असंच सांगितलं."

"हो. मी तेच पाठ केलं होतं. तेही चूक आहे."

प्रमुखांचा चेहरा उतरला. "खेळातलं ते वाक्य मी लिहिलंय," ते म्हणाले.

"माहितीये, सर."

गेली नोकरी, असं मला वाटलं आणि तिचा रागही आला. पण तिच्याकडे बघितलं आणि राग टिकेना. नजर खाली गेली नव्हती पोरीची. एवढी हिंमत मला माझ्या जन्मात झाली नसती.

प्रमुख माझ्या शेजारच्या खुर्चीपाशी आले. मी तिथली माझी पिशवी उचलून मांडीवर घेतली, तसे ते बसले.

"पुन्हा सांगा, सावकाश," ते म्हणाले. "आणि उद्या आलात की आधी ते वाक्य बदला."

दाराशी गेलेले लोक परत येऊन बसले. माझे डोळे वाहायला लागले, आणि मेले दिवे सगळे लावलेले होते.