चुलीशेजारचे चाडे

मित्रांनो, मी मसाल्याचा वाडगा नाही. माझ्या डोक्यावर 'मसाले रखने का कटोरा' असे कार्ड टांगले आहे, ते साफ खोटे आहे. मी एक जुने चाडे आहे, पेरणीच्या तिफणीवर बसवतात ते. चाड्याच्या तळाला तीन भोके असतात. त्यांतून बी तीन नळ्यांत उतरते आणि शेतात तीन सारख्या ओळी पेरल्या जातात. तुम्हाला हे ठाऊक नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. तुम्हाला कोणी सांगितलेच नसणार.

देश स्वतंत्र झाल्यावर चारपाच वर्षांनी, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात गुणवंत सुताराने मला शिसवीच्या ओंडक्यातून कोरले. गुणवंत मोठा खवट माणूस होता. भोक लहानमोठे झाले की पेरणारी बाई बोलणी खाते आणि सुतार नामानिराळा राहतो, असे तो म्हणायचा. माझी भोके सारखी होईपर्यंत त्याने मला घरी नेऊ दिले नाही.

ते घर तानूबाईचे. नवरा बैल हाकायचा, आणि तानूबाई ओटीत शाळूचे बी घेऊन, माझ्यावर मूठ धरून मागून चालायची. तिची मूठ इतकी सारखी सुटे की शेजारपाजारचे लोक पेरणीला तिला बोलवायचे. तिच्याबरोबर मलाही न्यायचे. उगाच कशाला लाजू, मला त्याचा गर्व होता.

आमच्या घरची एक रीत होती. पेरणी संपली तरी चाडे रिकामे ठेवायचे नाही. तानूबाई जुन्या लुगड्याच्या तीन चिंध्या फाडून माझी भोके बुजवायची आणि वर मूठभर बी ठेवायची. खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली की जुने बी चिमण्यांना टाकायचे, चिंध्या बदलायच्या आणि नवे बी ठेवायचे. रिकाम्या चाड्याचे घर पेरायचे विसरते, असे ती म्हणायची.

पुढे गावात ट्रॅक्टर आला आणि मी माळ्यावर गेले. नव्याचे नऊ दिवस सरतील, मग मला खाली काढतील, असे मला वाटले होते. ट्रॅक्टरचे नऊ दिवस काही सरले नाहीत.

तानूबाईचा मुलगा हिंमतराव फौजेत होता, दिल्लीच्या छावणीत. तेव्हा दिल्लीजवळच मानेसरच्या पुढे, मोकळ्या माळावर, गावाकडच्या जुन्या जीवनाचे संग्रहालय उभे राहत होते. झोपड्या, विहीर, गोठा, सगळे उघड्यावर. तिथल्या लोकांनी छावणीतल्या जवानांना सांगितले, आपापल्या गावची एखादी वस्तू द्या. हिंमतराव सुट्टीवर आला आणि त्याने मला मागितले. तानूबाई म्हणाली, "ने. पण रिकामं ठेवू नकोस. मी असेन नसेन, तू जाऊन बी घालत जा."

"घालीन, आई," तो म्हणाला.

आणि त्याने शब्द पाळला. मला इथल्या एका तिफणीवर बसवले होते. दर खंडेनवमीला हिंमतराव बस बदलत, शेअर ऑटोत दाटीवाटीने बसून यायचा. तानूबाई गेली, तो निवृत्त झाला, मुलाकडे नोएडाला राहायला आला, तरी आला. चिंध्या बदलायचा, मूठभर शाळू घालायचा, काठावर हात फिरवायचा आणि जायचा. तिसाहून अधिक वर्षे. पण तो एकटाच यायचा आणि कोणाशी बोलायचा नाही. एवढा मोठा फौजी चिंध्या कोंबतो म्हणून लोक हसतील, याचा त्याला संकोच वाटे. माझे नाव त्याने इथे कोणाला सांगितले नाही, नातीलाही कधी बरोबर आणले नाही. त्याच्यावर माझी माया आहे, पण ही चूक त्याचीच.

मग एका खंडेनवमीला तो आला नाही. पुढच्या वर्षीही नाही.

त्या काळात इथे नवे साहेब आले आणि डागडुजी निघाली. मला तिफणीवरून उतरवले, माझ्यातल्या चिंध्या उपसून फेकल्या. खाली तीन भोके पाहून रंगारी हळहळला. "बेचारा टूटा हुआ है," असे म्हणत त्याने प्रेमाने, अगदी मन लावून माझी तिन्ही भोके लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवली, घासली, वरून पॉलिश चढवले. मित्रांनो, शिव्या देत कोणी मोडले असते तर मी सोसले असते. मग परत तिफणीवर न बसवता मला स्वयंपाकाच्या झोपडीत चुलीशेजारी मांडले. तेव्हापासून मी वाडगा आहे.

मला एकच आस उरली होती. घरचे कोणीतरी येईल, मला ओळखेल आणि माझी भोके मोकळी करवील.

गेल्या खंडेनवमीला घरचे माणूस आले. हिंमतरावाची नात अरुणा, नोएडाच्या ऑफिसात काम करणारी. दारातच ती रखवालदाराला म्हणाली, "भैया, चाडं कहाँ है? लकड़ी का होता है, बुवाई का. मेरे आजोबा बेड पर हैं, उन्होंने भेजा है."

रखवालदार बिचारा गोंधळला. "बुवाई का सामान तो उधर है जी," म्हणत त्याने पेरणीच्या अवजारांकडे बोट दाखवले.

झोपडीच्या दारातून मला सगळे दिसत होते. ती तिफणीभोवती दोनदा फिरली. चाडे कसे दिसते हे तिला कोणी दाखवलेच नव्हते. शेवटी तिने पर्समधली पुडी उघडून शाळूचे बी तिफणीच्या लाकडावर ठेवले. तिची पाठ वळते न वळते तोच कबुतरे उतरली. मग ती उन्हातून माझ्या झोपडीत आली आणि माझ्याजवळच उभी राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, पण हसायचे कोणी?

फोन वाजला. तिने तो स्पीकरवर लावला, कारण म्हाताऱ्याला ऐकू कमी येते. किती वर्षांनी मी हिंमतरावाचा आवाज ऐकला!

"सापडलं का गं?"

"हो आजोबा. टाकलं बी. डोन्ट वरी."

"मी दिलेल्या चिंध्या?"

अरुणाने पर्समध्ये पाहिले. तीन चिंध्या तशाच होत्या. "त्या... खाली अंथरल्या."

त्याने पुढे विचारले, "भोकं कशी आहेत त्याची?"

"भोकं?" आजारी आजोबांना बरे वाटावे म्हणून ती हसून म्हणाली, "भोकं बिल्कुल नाहीत, आजोबा. एकही नाही. एकदम छान ठेवलंय त्यांनी."



"बरं," हिंमतराव म्हणाला. "ऊन फार आहे, बाळा. घरी ये."

भोके नाहीत म्हणजे तिने पाहिले ते चाडे नव्हेच, हे तो समजला होता. मुलगी मात्र समजली नाही. ती हातातल्या चिंध्यांकडे पाहत राहिली. त्यांचे काय करावे ते तिला कळेना, म्हणून तिने त्या जवळच्या भांड्यात टाकल्या आणि निघाली. ते भांडे मी होते. लुगड्याच्या त्या तीन चिंध्या माझ्या बुजलेल्या भोकांवर पडून राहिल्या. संध्याकाळी झाडूवाल्याने कचरा म्हणून त्या उचलून नेल्या.

आता कोणी येणार नाही, मित्रांनो. हिंमतराव आहे की गेला, हेही मला कळणार नाही. तुमच्या घरी कोणी म्हातारे माणूस असेल, तर त्याच्या वस्तूंची नावे ते बोलते आहे तोवर विचारून घ्या. भोक दिसले की ते बुजवण्याआधी ते कशासाठी आहे, एवढे विचारा. आणि कधी सहलीला इथे आलात, तर कार्ड वाचू नका. चुलीशेजारी या आणि बोटाने माझा तळ चाचपा. तीन ठिकाणी तो लाकडाचा लागणार नाही.