काशिफचं कॉलेज

दोन्ही इंजिनीअरिंग कॉलेजं सारखीच होती. एक नगरच्या अलीकडे, दुसरं पलीकडे. कॉम्प्युटरची ब्रँच दोन्हीकडे, गेल्या वर्षीचा कटऑफ जवळपास एकच, मुलींचं होस्टेलही दोन्हीकडे आवारातच. बेलापुरात मेहरीनने ज्याला त्याला विचारलं आणि जो तो म्हणाला, "कुठलंबी घे पोरी, काय फरक न्हाई."

फरक फक्त तिच्या घरात होता. अलीकडच्या कॉलेजात तिचा मोठा भाऊ शिकत होता, काशिफ. तिसऱ्या वर्षाला असताना तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत तो गेला. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

अम्मीचं मन ठरलेलं होतं. "तिथंच जा. तिथले सर लोक त्याला ओळखायचे. तुला परकं वाटायचं नाही." गाद्यांच्या दुकानात कापूस पिंजणारे अब्बा हा विषय निघाला की कामाला निघायचे. पण नगरला जाताना एसटीत त्या गेटच्या बाजूची खिडकी ते कधी घेत नाहीत, हे मेहरीनने पाहिलं होतं.

असं काही अडलं की ती काशिफलाच विचारायची. दहावीनंतर सायन्स घे म्हणून त्यानेच सांगितलं होतं. आता प्रवेशासाठी कॉलेजांचे पर्याय भरायची मुदत संपत आली होती, आणि सांगणारं कुणी नव्हतं.

शेवटी ती एकटीच अलीकडचं कॉलेज बघायला गेली. ऑफिसात नाव सांगताच खिडकीतल्या मॅडमनी मान वर केली. "काशिफची बहीण का तू?" त्यांनी तिला आत बसवलं, चहा मागवला. वर्कशॉपचे सरही उठून आले. "फार हसवायचा गं आम्हाला," म्हणता म्हणता त्यांचा आवाज बसला. दोघंही मायेने बोलत होती. पण तिला कुठली ब्रँच हवी, किती मार्क पडले, हे कुणी विचारलं नाही. बोलताना दोघंही तिच्या चेहऱ्यात त्याला शोधत होती. चहा संपवून ती निघाली.

घरी येऊन तिने पर्यायांच्या यादीत पलीकडचं कॉलेज सगळ्यात वर टाकलं. अम्मी रागावली नाही. "तुझी मर्जी," एवढंच म्हणून भाकरी थापायला बसली. अब्बा हळूच म्हणाले, "बरं केलंस." ते ऐकून मेहरीनला रडूच आलं.

तिथेच नंबर लागला. होस्टेलवर अब्बांनी स्वतः भरलेली गादी आणून टाकली आणि ते बेलापूरला परतले. वर्ग सुरू झाले. इथे तिच्याकडे बघून कुणाचा आवाज बसत नव्हता. हेच तर तिला हवं होतं. पण दिवसामागून दिवस गेले आणि काशिफचं नाव एकदाही कानावर पडलं नाही. असा कुणी होता, हे इथे कुणाला ठाऊकच नव्हतं.

एके दुपारी कपडे वाळत घालताना खोलीतली सुकन्या, पाथर्डीकडची, सहज म्हणाली, "तुला भाऊ-बहिणी किती गं?"

"कुणी नाही," असं म्हणायला मेहरीनची जीभ रेटेना.

"एक भाऊ आहे. मोठा."

"काय करतो?"

"इंजिनीअरिंग. तिसऱ्या वर्षाला आहे."

"मग लई बरंय तुझं," सुकन्या म्हणाली. "काय बी अडलं की त्याला विचारायचं."

"हो," मेहरीन म्हणाली, आणि बादलीतला पुढचा कपडा पिळायला वाकली.