रेनोच्या गाडीखालचा व्हॉल्व्ह

मित्रांनो, मी एक जुना पितळी व्हॉल्व्ह आहे. आकाराने तुमच्या अंगठ्याएवढा. गाडीच्या इंजिनाखाली तेलाचे चेंबर असते आणि त्याच्या तळाला एक बोल्ट असतो. तेल काळे झाले की पाना लावून तो बोल्ट काढायचा, जुने तेल गळून जाऊ द्यायचे, बोल्ट परत लावायचा आणि वरून नवे तेल ओतायचे, अशी जगाची रीत आहे. मी त्या बोल्टच्या जागी बसतो. मला एक छोटी दांडी आहे. ती उचलून खाचेतून सोडवली आणि जराशी फिरवली की तेल माझ्या तोंडाला लावलेल्या नळीतून सरळ डब्यात उतरते. पाना लागत नाही आणि हातावर गरम तेलही सांडत नाही. वर्षातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटे, एवढेच माझे उघडे राहणे. बाकी सगळे दिवस मी बंद राहायचे असते आणि खरे काम तेच आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका लहानशा कारखान्यात झाला. लेथवर माझे आटे पाडले, पोटात स्प्रिंग बसवली. शेवटी एका बाईंनी माझ्यात हवा भरून मला पाण्यात बुडवले. एकही बुडबुडा वर आला नाही, तेव्हा त्यांनी मला पुठ्ठ्याच्या पेटीत टाकले. सोबत प्लॅस्टिकची एक क्लिप दिली. दांडी खाचेत बसल्यावर तिच्याखाली ही क्लिप अडकवायची, म्हणजे दांडी चुकूनही हलत नाही.

तिथून मी आलो अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या एका गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात. दोन हिवाळे मी खिळ्यांच्या फळीवर लटकत काढले. लोक मला हातात घेत, दांडी उघडझाप करून बघत आणि परत टांगत. "आपोआप उघडला तर इंजिन जळेल," असे म्हणत. मला वाईट वाटे, पण त्यांची शंका अगदीच फोल नव्हती, हे मला पुढे कळले.

मला विकत घेतले सेल्मा हिल्टुनेनने. शाळेच्या स्वयंपाकघरात पंचवीस वर्षे काम करून ती निवृत्त झाली होती. तिचा नवरा रेनो जन्मभर लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवत असे. आपल्या गाडीचे तेल त्याने कधी कुणाला बदलू दिले नव्हते. "दुसऱ्याकडून तेल बदलून घेणं म्हणजे दुसऱ्याकडून बुटाची नाडी बांधून घेणं," असे तो म्हणायचा. आणि मग एका हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, चालणे-बोलणे परत आले, पण उजव्या हाताची पकड गेली. त्या वसंतात तो हट्टाने गाडीखाली शिरला आणि डाव्या हाताने पाना चालवू लागला. पाना सटकला, गरम तेल मनगटावर आले, आणि बोल्ट परत लावताना तिरका गेला. बोल्टचे आटे उडाले. गाडी ओढून गॅरेजात न्यावी लागली.

हे मी पाहिले नाही. सेल्मा शेजारच्या क्लाइड ट्रेगियरला सांगत होती तेव्हा मी तिच्या हातातल्या पिशवीत होतो. माझे नाव तिला क्लाइडनेच सुचवले होते.

"आणलास ना व्हॉल्व्ह? आता बघ, तो म्हणेल काय," क्लाइड म्हणाला.

"काय म्हणणार? चार दिवस बोलणार नाही. तेवढीच घरात शांतता."

रेनो चार दिवस नाही, पण संध्याकाळपर्यंत गप्प राहिला. मग त्याने मला टेबलावरून उचलले आणि दांडी न्याहाळली.

"इंजिनाला नळ?" तो म्हणाला. "चाळीस वर्षं पान्यानं बोल्ट सोडवलेत मी. आता म्हाताऱ्यांचा नळ लावू?"

"म्हातारा झालाच आहेस," सेल्मा म्हणाली. "नळ लावल्यानं होणार नाहीस."

त्याने मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले, कॉफीच्या डब्यामागे. संपूर्ण उन्हाळा मी तिथे होतो. सेल्मा ओटा पुसताना मला उचलायची, माझ्याखाली फडके फिरवायची आणि परत तिथेच ठेवायची. एका शब्दानेही तिने त्याला पुन्हा काही म्हटले नाही.

शरद ऋतूत तेल बदलायची वेळ झाली तेव्हा रेनो गाडी गॅरेजात घेऊन गेला. तिथून आला तो जेवायला बसलाच नाही. सेल्माने पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, दोनदा गरम केली.

"काम नीट नाही केलं का त्यांनी?" तिने विचारले.

"काम चोख केलं. पोरं चांगली आहेत. एकानं मला खुर्ची दिली. दुसरा म्हणाला, आजोबा, कॉफी घ्या. काचेच्या अलीकडे बसून मी माझीच गाडी वर चढलेली बघत होतो." तो म्हणाला, "इस्पितळात असल्यासारखं वाटलं."

त्या दिवशी त्याने मला खिडकीतून काढून आपल्या कोटाच्या खिशात टाकले. पण तेल नुकतेच बदललेले होते. माझी पाळी वसंतात आली.

मला बसवायला मात्र पाना लागतोच, निदान एकदा तरी. ते काम रेनोच्या हाताला झेपणारे नव्हते. सेल्माने गाडी लोखंडी रॅम्पवर चढवली, चाकांमागे लाकडी ठोकळे लावले, नवऱ्याचा जुना कोट अंगात घातला आणि पुठ्ठ्यावर उताणी होऊन गाडीखाली सरकली. रेनो बाजूला गुडघ्यांवर बसला.

"डावीकडे फिरव," तो म्हणाला.

"कुणाच्या डावीकडे? मी उताणी आहे."

"बोल्टच्या."

"बोल्टला विचारून सांग."

शेवटी बोल्ट निघाला, तेल गळून गेले आणि तिने मला चेंबरच्या भोकाशी धरले.

"आधी हातानं फिरव. पाना नको. आटे तिरके गेले तर चेंबरच गेलं समज."

"दीडशे पोरांसाठी रोज पीठ मळलंय मी. सरळ काय आणि तिरकं काय, हाताला कळतं."

तिच्या हाताला कळले. मी सरळ गेलो. माझ्या गळ्यातला वायसर चेंबरला टेकला, पान्याने शेवटचा पीळ दिला आणि मी बसलो. तिने दांडी खाचेत सोडली, क्लिप लावली आणि बाहेर आली. तिच्या कपाळावर तेलाचे बोट उठले होते. रेनोने ते बघितले, पुसले नाही. मग म्हणाला, "चाळीस वर्षांत तुला कधी खाली बोलावलं नाही मी."

"मीही कधी विचारलं नाही," ती म्हणाली.

मला पहिल्यांदा उघडले ते त्याच वर्षीच्या शरद ऋतूत. रेनो स्वतः गाडीखाली आला. माझ्या तोंडाला नळी लावून तिचे दुसरे टोक त्याने डब्यात सोडले. मग डावा हात पुढे केला, थांबला, आणि उजवा हात आणला. इस्पितळात त्या हाताकडून महिनोन्महिने कपड्यांचे चिमटे उघडून घेत होते आणि त्याला त्याची लाज वाटे. त्याच दोन बोटांनी त्याने माझी दांडी धरली. पहिल्या खेपेला ती निसटली, दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला स्प्रिंग दबली, दांडी खाचेतून सुटली आणि फिरली. तेल वाहू लागले.

"काय झालं?" बाहेरून सेल्माने विचारले.

"काही नाही," रेनो म्हणाला. "तेल चाललंय."

तो तेल संपेपर्यंत तसाच पडून राहिला. मी बोल्टच्या भोकापेक्षा अरुंद आहे, माझ्यातून तेल सावकाश जाते. त्यालाही काही घाई नव्हती.

पुढची तीन-चार वर्षे माझी चांगली गेली. गॅरेजात कामाला असल्यासारखा रेनो मला चिंधीने पुसायचा. तेलाचा फिल्टर घट्ट बसलेला असला की तो सेल्मा काढायची, बाकी सगळे तो करायचा. जुने तेल झाकणबंद डब्यात गावच्या टाकीपर्यंत तो स्वतः पोचवायचा. शनिवारी शेजारी सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, जमले की माझी तारीफ व्हायची. क्लाइड म्हणायचा, "सुचवला मी, आणि ऐट हा मारतोय."

मग ते वर्ष आले. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता आणि क्लाइड रस्त्यावर भोंगा वाजवत होता. रेनोने तेल काढले, दांडी परत फिरवली आणि सोडून दिली. ती खाचेत नीट उतरली नाही. काठावर टेकून राहिली. क्लिप त्याच्या कोटाच्या खिशातच राहिली. मी बंद होतो, एक थेंबही गळत नव्हता. सेल्माने वरून तेल ओतले, तेल मोजायची पट्टी काढून पातळी बघितली, सगळे ठीक दिसले. मला तोंड असते तर मी सांगितले असते.

जानेवारीत सेल्मा तिच्या बहिणीकडे निघाली, चाळीस मैलांवर. रेनो सर्दीने घरीच होता. रस्त्यावर बर्फाच्या खोल चाकोऱ्या गोठलेल्या होत्या आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासत होता. जंगलातल्या एका वळणावर बर्फाचे घट्ट ढेकूळ माझ्या दांडीला लागले. दांडी अर्धी फिरली. मी उघडलो.

मित्रांनो, ते क्षण मला अजून आठवतात. ज्या तेलाला अडवण्यासाठी मला घडवले, ते माझ्यातूनच चालले होते, आणि वर इंजिन फिरत होते. तेलाशिवाय इंजिन काही मिनिटांत जळते. आणि अशा थंडीत, वस्तीपासून दूर, मेलेल्या गाडीत माणूस किती वेळ तग धरेल, याचा हिशेब मला येत नाही.

सेल्मासमोर तेलाचा लाल दिवा लागला. सेल्माने पुढच्या वळणापर्यंत जाऊन बघू, असा विचार केला नाही. गाडी कडेला घेतली आणि लगेच इंजिन बंद केले. खाली उतरून बघते तर मागे बर्फावर काळी रेघ उमटलेली. ती तिथेच पालथी झाली, हात आत घातला आणि लोकरी हातमोज्याच्या बोटांनी चाचपत मला शोधले. दांडी ढकलली, खाचेत उतरली तसा टक् आवाज आला. मग गाडीत बसून सगळ्या घोंगड्या गुंडाळून तिने वाट पाहिली. पाऊण तासाने बर्फ काढणारा ट्रक आला. त्या चालकाने तिला आपल्या केबिनमध्ये घेतले आणि घरी निरोप पोचवला.

रेनो आणि क्लाइड तेलाचे कॅन घेऊन आले. क्लाइड गाडीखाली जायला निघाला तेव्हा रेनोने त्याला हाताने मागे सारले. रेनो स्वतः तापाने फणफणला होता. तरी खाली आला, माझी दांडी चाचपली, आणि दांडीखालची रिकामी जागा त्याच्या बोटाला लागली. बराच वेळ ते बोट तिथेच राहिले.

बाहेर येऊन तो म्हणाला, "चूक माझी. क्लिप मी लावली नाही."

"मी म्हणतो, हा व्हॉल्व्हच काढून टाक," क्लाइड म्हणाला. "मी सुचवला, मीच सांगतो. साधा बोल्ट लाव आणि गॅरेजात दे."

"हो," रेनो म्हणाला. "यापुढे गॅरेजातच देऊ. माझ्या हातानं आज हिचा जीव गेला असता."

सेल्मा ट्रकच्या पायरीवर उभी होती. तिचे ओठ निळे पडले होते, पण आवाज शाळेच्या स्वयंपाकघरातला होता.

"तुझ्या हाताचा काय संबंध? हातानं बरोबर फिरवलं होतं. डोकं हरणाकडे होतं."

क्लाइडने मान फिरवली. भोंगा त्याने वाजवला होता.

"आणि मीही बघितलं नाही," सेल्मा म्हणाली. "पट्टी बघितली, खाली नाही बघितलं. बोल्टसुद्धा सैल ठेवतातच की माणसं. आता असं करायचं. तू उघडायचं, तू बंद करायचं. मग मी खाली जाऊन हात लावून बघायचं. मी हो म्हटल्याशिवाय वरून तेल नाही."

"म्हणजे माझ्यावर पहारा."

"पहारा समज. इंजिन सुरू करून बघ आधी."

नवे तेल ओतले. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्यांदा कुरकुरले आणि मग नेहमीसारखे चालू लागले.  घराच्या फाटकाशी आल्यावर रेनो म्हणाला, "हातमोजे भिजलेत तुझे. माझे घे."

त्यानंतर सात वर्षे तसेच चालले. रेनो बंद करायचा, मग सेल्मा त्याच्या शेजारी सरकायची. दोघे उताणे, डोक्यावर इंजिन, आणि तिचे बोट माझ्या क्लिपवर. काही वेळा तपासणी झाल्यावरही ते लगेच बाहेर जात नसत. बहिणीचे, शेजाऱ्यांचे, बर्फाचे, वेलदोड्याचा पाव यंदा बिघडला त्याचे, असे काहीबाही बोलत पडून राहत. गाडीखाली माणसे इतकी निवांत असतात, हे मला ठाऊक नव्हते.

गेल्या मार्चमध्ये रेनो गेला. घरीच, सकाळी, खुर्चीत. मे महिन्यात सेल्माने गाडी रॅम्पवर चढवली आणि एकटीने तेल बदलले. ती अजून गाडीखालीच होती तेव्हा क्लाइड आला. त्याचे गुडघे आता वाकत नाहीत, तरी तो काठी टेकत गाडीपाशी उभा राहिला.

"खाली येऊन बघू का, नीट बसलाय का?" त्याने विचारले.

"खाली आलास तर तुला बाहेर कोण काढणार?" सेल्मा आतून म्हणाली. "तिथेच थांब. मी दोनदा बघितलंय."

तो थांबला. ती बाहेर येईपर्यंत थांबला.

रस्त्यावरच्या मिठाने आता गाडीचा तळ खाल्ला आहे. या शरद ऋतूत ती भंगारात जाणार. सेल्माच्या नव्या गाडीच्या चेंबरचे आटे वेगळे आहेत, मी तिला बसणार नाही. भंगारवाला बघायला आला तेव्हा सेल्मा म्हणाली, "न्यायच्या आधी मला एक दिवस दे. खालून एक वस्तू काढायची आहे."

"काय आहे खाली एवढं?" त्याने विचारले.

"नवऱ्याचं काम," ती म्हणाली.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात कुणाचा हात थरथरू लागला, तर त्याच्या हातातले काम काढून घेऊन त्याला खुर्ची देऊ नका. काम जरा सोपे करून द्या, आणि ते त्यालाच करू द्या. मग त्याच्या शेजारी जाऊन, न रागावता, एकदा हात लावून बघा.