दुसरं दार

लेक माहेरी आली की पहिल्या दिवशी घर हसतं, दुसऱ्या दिवशी तिच्या आवडीचं रांधतं आणि तिसऱ्या दिवसापासून बोटांवर दिवस मोजायला लागतं. तुमच्या-आमच्या घरांत हे होतंच, कबूल कोणी करत नाही एवढंच. मिस्त्रींच्या घरी सध्या हे बोटांवर मोजणं चालू होतं.

मिस्त्री म्हणजे सुतार. गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. घराच्याच खालच्या मजल्यावर त्यांचं वर्कशॉप होतं. त्यांनी बसवलेलं दार लागलं की खट् असा एकच आवाज यायचा आणि फटीतून कागदसुद्धा सरकायचा नाही. "दार कसं असावं, तर एकदा लागलं की लागलं!" असं ते गिऱ्हाइकाला ऐकवत. संसाराबद्दलही त्यांचं मत साधारण असंच होतं.

लेक आली ती एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात पिंजरा घेऊन. पिंजऱ्यात ड्वार्फ हॅम्स्टरची, म्हणजे पाळायच्या बुटक्या उंदरांची, दोन पिल्लं होती, सख्ख्या बहिणी. अंगठ्याएवढा जीव, शेपूट असून नसल्यासारखी, डोळे मोहरीच्या दाण्यासारखे. जावयाने आणून दिली होती. लेकीने त्याच्या सांगण्यावरून नोकरी सोडली, तेव्हा तो म्हणाला होता, "घरात कंटाळा येतो ना? ही घे सोबत. आता बाहेर जायचं काही कारणच उरलं नाही." त्यातल्या गुबगुबीत पिल्लाचं नाव ठमी आणि बारकीचं तिळी.

"किती दिवस आहेस?" पाण्याचा पेला हातात देता देता आईने विचारलं.

"बघू," लेक म्हणाली. बॅग तिने भिंतीला टेकवून ठेवली आणि ती तिथेच राहिली. ना लेकीने उघडली, ना आईने उघड म्हटलं.

पिल्लांचं मात्र ती डोळ्यांत तेल घालून करायची. जुन्या कागदांच्या बारीक पट्ट्या करून त्यांना अंथरूण घालायची. दिवसा ती झोपलेली असत, तेव्हा कोणाला पिंजऱ्याजवळ मोठ्याने बोलू द्यायची नाही. दिवेलागणीला त्यांना जाग आली की पाणी बदलायची, धान्याचे दाणे टाकायची, तळहात उघडा ठेवून शांत बसून राहायची. हातावर यायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. "पकडलं की घाबरतात, बाबा. आपण होऊन आली तरच खरं," असं ती सांगायची. मिस्त्री हसायचे. एवढ्याशा उंदराला कसली मर्जी!

तरी बाप तो बाप. लेकीचं मन रमावं म्हणून त्यांनी सागाच्या उरलेल्या फळीतून पिल्लांना एक घर करून दिलं. काय घर होतं ते! कोपरे घासून गोल केलेले, छत उचलता येईल असं, आणि पुढे एकच इवलंसं कमानदार दार. बाकी कुठे फट म्हणून नाही. "आत वारा शिरणार नाही. ऊब कशी मस्त राहील बघ," ते म्हणाले. दोन्ही पिल्लं आत शिरली आणि मिस्त्रींची छाती फुगली.

त्याच संध्याकाळी लेकीने विषय काढला. "बाबा, मला तिकडे फार त्रास होतो."

मिस्त्रींनी हातातला कप खाली ठेवला. "हात उचलतो का तुझ्यावर?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

"मग?"

कुठून सुरुवात करावी हेच लेकीला कळेना. तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, भांड्याला भांडं लागायचंच. आमचं काय कमी झालं? पण दिल्या घरी जमवून घ्यावं लागतं."

"रविवारी येतोय तो न्यायला. माझं बोलणं झालंय," मिस्त्री म्हणाले. "चांगला मुलगा आहे. तुझी चौकशी करत होता. रोज फोन करतो मला."

रोज फोन करतो म्हणजे चांगला, हे त्यांना पुरेसं होतं. लेकीने मान खाली घातली आणि कागदाच्या पट्ट्या करायला घेतल्या.

दिवस तसे गेले. मिस्त्री येता-जाता त्या लाकडी घराचं छत उचलून बघत. तिळी मागच्या कोपऱ्यात अंग आक्रसून, ठमी दाराशी पसरलेली. भांडण नाही, चिंचिं नाही. दिवेलागणीला तळहातावर आता ठमीच यायची; तिळी नव्या घरात रमली असेल, असं लेकीला वाटलं. "बघ, शिक जरा यांच्याकडून," ते एकदा लेकीला म्हणाले. "मुकी जनावरं, पण एका घरात कशी गुण्यागोविंदाने राहतात!"

शनिवारी दुपारी लेक त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या ओंजळीत तिळी होती, थंड पडलेली, डोळे अर्धे मिटलेले. हाताला नुसती हाडं लागत होती.

"बाबा, ही मरतेय."

एवढ्याशा जिवाचं कसलं दुःख असं आदल्या दिवशी कोणी म्हटलं असतं, तर ते हसले असते. आता त्यांनी हातातला रंधा टाकला, शर्ट चढवला आणि काय वाटलं कोण जाणे, ते लाकडी घरही पिशवीत घातलं.

जनावरांच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना कोपऱ्यावरच होता. बाईंनी तिळीला गरम पाण्याच्या पिशवीवर फडकं घालून निजवलं आणि सुई नसलेल्या सिरिंजने थेंब थेंब साखरपाणी पाजलं. भिंगातून सगळं अंग तपासलं. लेक श्वास रोखून बघत होती.

"जखम कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "उपाशी आहे ही. तहानलेलीही."

"कसं शक्य आहे?" मिस्त्री म्हणाले. "खायला-प्यायला भरपूर ठेवतो आम्ही. आणि घर तर मी स्वतः केलंय!" त्यांनी पिशवीतून ते घर काढून टेबलावर ठेवलं. कौतुकाची अपेक्षा अजून थोडी शिल्लक होती.

बाईंनी ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं. "काम सुरेख आहे, काका. पण याला दार एकच?"

"एकच. ऊब राहते."

"आणि दारात कोण बसतं?"

मिस्त्री थबकले. त्यांना आठवलं. छत उचललं की रोज तेच दिसायचं. "मोठी. ठमी. पण ती चावत नाही हो हिला! कधी आवाजसुद्धा ऐकला नाही आम्ही."

"चावायची गरजच पडत नाही, काका," बाई शांतपणे म्हणाल्या. "दार अडवलं की झालं. दाणे बाहेर, पाणी बाहेर, आणि ही आत. या जातीतल्या काही जोड्या वयात आल्यावरही एकत्र राहतात, काही नाही राहू शकत. त्यात दोष कोणाचा हे आपण ठरवायचं नसतं, ज्याला त्रास होतोय त्याला आधी बाहेर काढायचं असतं. कोपऱ्यात सापडलेलं जनावर ओरडत नाही. ते गप्प होतं. आणि आपल्याला वाटतं, चला, जमलं यांचं!"

"पण जखम..."

"जखमेची वाट बघत बसलात, तर तिला माझ्याकडे आणायची वेळच येणार नाही. ज्या घरातून बाहेर पडता येत नाही, ते घर कसलं? सापळाच तो. मग तो सागाचा का असेना!"

तिळीने सिरिंजच्या टोकाचा एक थेंब आपण होऊन चाटला.

"बाबा," लेक म्हणाली. तिची नजर तिळीवरच होती. "तोही हात उचलत नाही. दारात खुर्ची टाकून बसतो."

"काय?"

"मी त्याच्या मनाविरुद्ध काही बोलले की. कोणाशी फोनवर बोलले, नोकरीचं नाव काढलं, की तो दाराला कडी लावतो आणि पुढे खुर्ची टाकून बसतो. ओरडत नाही. वर्तमानपत्र वाचत बसतो. मी माफी मागेपर्यंत. एकदा तुम्ही दवाखान्यात होतात ना, आणि मी भेटायला आले नाही? आईने किती बोल लावला मला. मी दाराच्या आत होते, बाबा."

लेक अगदी हळू पुढे म्हणाली, "तुम्ही लग्नात दिलेलीच खुर्ची. हातांची."

ती खुर्ची मिस्त्रींनी आपल्या हाताने केली होती. पाठीला नक्षी होती, हात टेकायला रुंद पट्ट्या होत्या. जावयाला आरामात बसता यावं म्हणून! मिस्त्रींनी टेबलाची कड घट्ट धरली आणि भर दवाखान्यात ते लहान मुलासारखे रडले. डॉक्टरबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि पाठ वळवून औषध लिहायला घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते दुसऱ्या पिंजऱ्याचं. तिळीला वेगळा पिंजरा, वेगळं पाणी, पळायचं वेगळं चाक. लाकडी घराच्या मागच्या भिंतीला दुसरं दार पाडायला त्यांनी करवत लावली तेव्हा बायको खाली आली.

"अहो, एवढं छान केलेलं मोडताय कशाला? आणि हे काय ऐकतेय मी? उद्या जावई येतोय आणि तुम्ही म्हणता पाठवायचं नाही? चार लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. तिला कोंडून ठेवलं होतं, तेव्हा त्या चौघांतलं कोण गेलं होतं दार उघडायला?" मिस्त्री भुसा फुंकत म्हणाले. "आणि आपण तरी कुठे गेलो?"

बायको जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. आपण लावलेला बोल तिलाही आठवत होता.

रविवारी जावई आला. हातात फळांची पिशवी, जिभेवर साखर. सासू-सासऱ्यांच्या पाया पडला, प्रकृतीची चौकशी केली, तिळीला बघून हळहळलाही. कोणालाही वाटावं, असा जावई मिळायला भाग्य लागतं.

"चल, आवर. उशीर होईल," तो बायकोला म्हणाला.

"मला यायचं नाही," लेक म्हणाली.

जावई हसला. रागाची रेषसुद्धा नाही. शेजारची खुर्ची त्याने सहज उचलली, बाहेरच्या दारात ठेवली आणि तीवर बसला. पाय लांब केले. "मला घाई नाही. तू शांतपणे विचार कर."

सवयच होती त्याची. आपण कुठे आहोत, कोणासमोर आहोत, याचं भानसुद्धा त्याला राहिलं नव्हतं. लेकीचा चेहरा उतरला, खांदे आक्रसले आणि ती मागे सरकत भिंतीच्या कोपऱ्याला टेकली. मिस्त्रींनी ते पाहिलं. छत उचलून रोज पाहत होते तेच! फक्त आज त्यांना दिसलं.

"उठा!" मिस्त्री गरजले.

"बाबा, आमच्या दोघांतलं आहे हे..."

"दारातून उठा आधी! माझ्या घराच्या दारात कोणी असं बसत नाही. बोलायचं असेल तर आत येऊन बोला, नाहीतर बाहेर व्हा. माझी लेक कुठे राहणार, हे ती सांगेल. आणि तिचं सांगून झालंय!"

जावयाने सासूकडे पाहिलं. त्याला तिथून आधाराची खात्री होती. सासू उठली. सावकाश चालत भिंतीशी गेली, तिथली बॅग उचलली आणि लेकीला म्हणाली, "चल गं. कपाटातला मधला कप्पा रिकामा केलाय मी. कपडे लावून घेऊ."

कोपऱ्यातून लेक पुढे आली. तिने जावयाकडे पाहिलंसुद्धा नाही. आईच्या हातातून बॅगेचा एक बंद धरला आणि दोघी आत गेल्या. जावई बराच वेळ दारात उभा होता. मग लोकांना काय काय सांगतो ते बघाच, अशी धमकी देऊन निघून गेला. फळांची पिशवी मिस्त्रींनी त्याच्या मागोमाग नेऊन दिली.

पुढचं सोपं नव्हतं. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं, नातेवाइकांनी तोंडं फिरवली, वकिलाकडे खेटे घालावे लागले. लेकीला पुन्हा नोकरी लागायला वेळ लागला. तिळीलाही बाळसं धरायला वेळ लागला. ठमी तिच्या पिंजऱ्यात एकटी मजेत होती, आणि दोघींपैकी एकीलाही दुसरीची आठवण येत असावी असं दिसलं नाही.

लेकीचं सामान परत आलं त्यात ती हातांची खुर्चीही आली. मिस्त्रींनी ती वर्कशॉपमध्ये नेऊन सुटी केली. पाठीच्या फळीवरचं पॉलिश पार तासून काढलं, कारण पिल्लं लाकूड कुरतडतात, आणि जुनं घर तिळीकडे होतं म्हणून त्यातून ठमीसाठी नवं घर केलं. एक दार पुढे, एक मागे. संध्याकाळी ठमी पुढून आत शिरली, मागून बाहेर आली, पुन्हा आत गेली. मिस्त्री आणि लेक जमिनीवर बसून कितीतरी वेळ तेच बघत होते. शेजारच्या पिंजऱ्यातून तिळी लेकीच्या उघड्या तळहातावर आली. आपण होऊन आली.

वाचकहो, घरात लेक येऊन म्हणाली की त्रास होतो, तर "मारतो का?" एवढंच विचारून थांबू नका. अंगावर वळ नाहीत म्हणून तिला माघारी धाडू नका. ती गप्प आहे म्हणजे तिचं जमलं, असं समजू नका. तिच्या घराचं दार कोण अडवून बसलंय, ते विचारा, आणि ऐकून घ्या. लग्न लावून देताना एक दार आपण तिच्यामागे लावतो. दुसरं दार म्हणजे आपलं घर. ते कायम उघडं ठेवणं हे आईबापाचं पहिलं काम आहे.

मिस्त्री आजही दारं बसवतात. खट् आवाज येतो, फटीतून कागद जात नाही. फक्त गिऱ्हाइकाला ते आता विचारतात, "मागच्या बाजूलाही एक करायचं ना?"